जुन्या गाडीत कोणतं ब्रेक ऑइल घालावं: डॉट ४, ५.१ की सिलिकोन?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९६०च्या दशकातली गाडी, पुढे डिस्क, मागे ड्रम, मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब देणारा) एकाच सर्किटचा, म्हणजे चारही चाकांना ऑइलचा मार्ग एकच. ब्रेकची सगळी यंत्रणा खोलून झाली आहे, नवीन रबर किट आणून ठेवली आहेत. आता एक मेकॅनिक म्हणतो, जुनी गाडी आहे, डॉट ३च घाला. दुसरा म्हणतो, ५.१चा आकडा मोठा आहे, तेच चांगलं. तिसरा सिलिकोन सुचवतो, कारण ते सांडलं तरी गाडीचा रंग जात नाही आणि ते कधी बदलावं लागत नाही. गाडी महिन्यातून एक-दोनदा बाहेर निघते, एरवी झाकून उभी असते.

माझं उत्तर आधी सांगतो. नामवंत कंपनीचं साधं डॉट ४ घ्या, छोट्या सीलबंद डब्यात घ्या, आणि दर दोन वर्षांनी सगळंच्या सगळं बदला. दरवर्षी बदलणार असाल तर डॉट ३ही चालेल. ५.१ने बिघडणार काही नाही, पण तुमच्या गाडीला त्याचा खास उपयोगही नाही. सिलिकोनचं प्रकरण वेगळं आहे. त्याचा विचार करण्याची योग्य वेळ एकच असते, ती म्हणजे सगळं खोललेलं असताना, आणि तुम्ही नेमके तिथे उभे आहात. म्हणून त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

आधी आकड्यांचा अर्थ. डॉट हे वर्गीकरण अमेरिकी सरकारच्या वाहन सुरक्षा मानकातून आलं. कोणत्या वर्गाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान किती असावा, हे त्यात ठरवून दिलं आहे. ताजं, कोरडं ऑइल डॉट ३ असेल तर किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. डॉट ४साठी हा आकडा २३० आहे, ५ आणि ५.१साठी २६०. दुसरा आकडा असतो पाणी मुरलेल्या ऑइलचा, म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी शिरल्यावरचा: डॉट ३साठी १४०, डॉट ४साठी १५५, ५ आणि ५.१साठी १८०. डब्यावर पहिला आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. तुमच्या गाडीत मात्र वर्षभरानंतर जे असतं ते दुसऱ्या आकड्याकडे सरकलेलं असतं. त्यामुळे डबे ताडून पाहायचे तर दुसऱ्या आकड्यावर पाहा.

हे पाणी येतं कुठून? डॉट ३, ४ आणि ५.१ ही तिन्ही ग्लायकॉल ईथरच्या घराण्यातली आहेत आणि हवेतली ओल शोषून घेणं हा त्यांचा स्वभाव आहे. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, तिथून ओल येते. रबरी होजच्या भिंतीतूनही ती हळूहळू आत झिरपते. म्हणजे गाडी चालवा अथवा उभी ठेवा, पाणी येतच राहतं. ही ओल ऑइलमध्ये विरघळून सगळीकडे सारखी पसरते, आणि सुरुवातीला ते फायद्याचंच असतं, कारण पाणी एका जागी साचत नाही. डॉट ४मध्ये बोरेट एस्टर असतात. ते येणाऱ्या पाण्याशी रासायनिकरीत्या बांधले जातात, म्हणून ओलीचा परिणाम उत्कलनबिंदूवर थोडा उशिरा दिसतो. डॉट ३ऐवजी मी डॉट ४ सुचवतो त्याचं हे एक कारण.

ऑइल उकळलं की काय होतं, ते एकदा नीट समजून घ्यावं. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ दाबली जाते. लांब घाट उतरताना कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला पॅडने चिमटीत धरणाऱ्या भागात, वाफ धरली, तर पेडल कसलाही विरोध न करता तळाला जातं. डिस्क ब्रेकमध्ये हा धोका जास्त, कारण पिस्टन थेट पॅडच्या पाठीला टेकलेला असतो आणि उष्णता सरळ ऑइलपर्यंत येते. ड्रममध्ये बरीच उष्णता ड्रमच्या लोखंडातच राहते. आणखी एक गोष्ट: जोरात ब्रेक मारून उतार संपवला आणि लगेच गाडी उभी केली, तर वारा लागणं थांबतं आणि तापलेल्या डिस्कची उष्णता पुढची काही मिनिटं कॅलिपरमध्ये शिरत राहते. घाट उतरून चहाला थांबलेली गाडी पुन्हा काढताना पेडल खाली जातं, ते यामुळे. तुमच्या गाडीत सर्किट एकच आहे, म्हणजे एका चाकाशी वाफ झाली तरी चारही चाकांचे ब्रेक जातात. अमेरिकेत दुहेरी सर्किट १९६८पासून सक्तीचं झालं, ते याच भीतीपोटी.

हे सगळं खरं असलं, तरी महिन्यातून एकदा रविवारी सकाळी निघणाऱ्या गाडीचा मुख्य शत्रू उकळणं नव्हे, गंज आहे. मला हे ठासून सांगावंसं वाटतं, कारण बहुतेक चर्चा उत्कलनबिंदूवरच अडकते. माझ्याकडे ब्रेकच्या तक्रारीने येणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये ऑइल उकळल्याची उदाहरणं अगदी कमी. व्हील सिलिंडरच्या (ड्रममधले शू ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) बोअरला, म्हणजे आतल्या भिंतीला, खड्डे पडलेत, कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकलाय, मास्टर सिलिंडर आतल्या आत गळतोय, हे मात्र नेहमीचं. बिडाच्या सिलिंडरला ओल लागली की आधी डाग पडतो, मग खड्डा. रबर कपची ओठासारखी पातळ कड त्या खड्ड्यावरून पुढेमागे घासते, फाटते, आणि गळती सुरू होते. नवीन ऑइलमध्ये गंजरोधक रसायनं घातलेली असतात, पण ती कालांतराने संपतात. ती संपली की उत्कलनबिंदू कितीही चांगला असो, धातूला कोणी राखणदार उरत नाही. म्हणून उभ्या राहणाऱ्या गाडीत महागडं ऑइल पाच वर्षं ठेवण्यापेक्षा साधं डॉट ४ दोन वर्षांनी बदलणं कितीतरी बरं. रेसिंगसाठी मिळणारी, ३०० अंशांच्या वरचा आकडा मिरवणारी ऑइल याच कारणाने तुमच्या कामाची नाहीत. ती वरचेवर बदलण्यासाठीच बनवलेली असतात.

५.१चा खरा गुण वेगळाच आहे. कडक थंडीतही ते पातळ राहतं. मानकानुसार उणे ४० अंशांवर त्याची चिकटता जास्तीत जास्त ९०० सेंटिस्टोक्स असू शकते, डॉट ४ला १८००पर्यंत मुभा आहे. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, बारीक झडपांमधून ऑइल झटपट वाहावं यासाठी हे महत्त्वाचं. तुमच्या गाडीत एबीएस नाही. उलट जुन्या, थोड्या झिजलेल्या बोअरमध्ये पातळ ऑइल पाझरण्याची शक्यता थोडी जास्तच.

आता रबराकडे येऊ. ऑइलची निवड खरं तर इथेच ठरते, आणि ‘जुनी गाडी, म्हणून डॉट ३’ हा सल्लाही इथूनच निघाला आहे. हायड्रॉलिक ब्रेक १९२०च्या दशकात गाड्यांमध्ये आले, तेव्हा ऑइल म्हणजे एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण असे आणि सील नैसर्गिक रबराचे. पुढे ग्लायकॉलची ऑइल आली, रबरही बदलत गेलं, पण सगळ्यांनी एकाच वेळी बदल केला नाही. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत गर्लिंग आणि लॉकहीडचे सील नैसर्गिक रबराचेच होते. त्या काळच्या काही अमेरिकी ऑइलने ते फुगत. म्हणून त्या गाड्यांच्या पुस्तिकांत ठरावीक कंपनीचंच ऑइल वापरा अशी कडक ताकीद असते. इशारा तेव्हा खरा होता. आज मिळणाऱ्या रबर किट बहुतांशी एसबीआर किंवा ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या असतात. दोन्हींना डॉट ३, ४, ५.१ मानवतात. तुम्ही सगळे सील नवीन घालत असाल, तर पुस्तिकेतली ती ताकीद तुमच्यापुरती संपली.

पण ‘नवीन’ म्हणजे नव्याने बनवलेले. कोणा दुकानाच्या माळ्यावर मूळ खोक्यात मिळालेली, गाडीच्याच वयाची किट असेल तर ती आठवण म्हणून जपा, गाडीत घालू नका. रबर खोक्यात बसूनही म्हातारं होतं. आणि गाडीत एखादाही जुना सील राहणार असेल, उदाहरणार्थ क्लचच्या सिलिंडरमध्ये, तर तोही बदला. अनेक जुन्या गाड्यांत क्लच हायड्रॉलिक असतो आणि ब्रेकचंच ऑइल वापरतो. लोक तो हमखास विसरतात.

रबराचा दुसरा, जास्त घातक नियम: खनिज तेलाचा एक थेंबही आत जाऊ देऊ नका. इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल, साधं ग्रीस, डिझेल, रॉकेल, पेट्रोल, यातलं काहीही नाही. एसबीआर आणि ईपीडीएम दोन्ही खनिज तेलाने फुगतात. फुगलेला कप बोअरमध्ये घट्ट बसतो, परतीचं बारीक छिद्र झाकतो, ऑइल माघारी जात नाही आणि ब्रेक धरून राहतात. टाकीच्या झाकणाखालचं रबर सुजून वेडंवाकडं झालेलं दिसलं, तर कोणीतरी चुकीचं ऑइल घातलंय असं समजा. अशा वेळी ऑइल बदलून भागत नाही. यंत्रणेतलं प्रत्येक रबर, होजसकट, बदलावं लागतं. भाग धुवायला ब्रेक क्लीनर, स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑइलच वापरा, आणि स्पिरिट पूर्ण उडून गेल्यावरच जोडणी करा. जोडताना कप आणि बोअरला ताजं ब्रेक ऑइल लावा, नाहीतर ब्रेकच्या रबरासाठी मिळणारं लाल ग्रीस.

याला अपवाद असलेल्या गाड्या आहेत, आणि त्यांच्या मालकांनी वरचं सगळं विसरून पुस्तिकेप्रमाणेच जावं. सित्रोएन डीएस १९५५मध्ये आली तेव्हा तिच्या हायड्रॉलिक यंत्रणेत एलएचव्ही नावाचं वनस्पतिजन्य ऑइल होतं, पुढे त्याची जागा एलएचएस या कृत्रिम ऑइलने घेतली. १९६६नंतर टप्प्याटप्प्याने त्या गाड्या एलएचएम या हिरव्या खनिज तेलावर गेल्या आणि त्यांचे सीलही बदलले. एलएचएमच्या यंत्रणेचे भाग हिरवे रंगवलेले असतात. त्यात डॉट ४ ओतलं तर सील नासतात, आणि उलटही तेच. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर शॅडोला आरआर३६३ हे वंगणगुण वाढवलेलं खास ब्रेक ऑइल लागतं, कारण ते ऑइल तिथे इंजिनवर चालणाऱ्या पंपांतूनही फिरतं. नुसत्या डॉट ४ने ते पंप झिजतात. १९८०नंतरच्या सिल्व्हर स्पिरिटला मात्र खनिज तेल लागतं. एकाच कंपनीच्या, बाहेरून सारख्या वाटणाऱ्या दोन गाड्या, आणि ऑइल एकमेकांना विषासमान.

आता सिलिकोन, म्हणजे डॉट ५. नाव ५ आणि ५.१ असं जवळचं असलं तरी ही दोन पूर्णपणे वेगळी द्रव्यं आहेत. डॉट ५ जांभळं असतं, ५.१ फिकट पिवळसर. सिलिकोनचे गुण खरे आहेत. रंगावर सांडलं तर रंग जात नाही, आणि नव्याने रंगवलेल्या गाडीच्या मालकाला याचं मोल विचारा. ग्लायकॉल रंगावर पडलं की लगेच भरपूर पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर रंग फुगून उठतो. दुसरं, सिलिकोन ओल शोषत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत ते टिकतं. अमेरिकी लष्कराने साठवून ठेवायच्या वाहनांसाठी सिलिकोन स्वीकारलं, ते याच कारणाने.

पण ओल शोषत नाही म्हणजे ओल येतच नाही असं नाही. झाकणातून, गाडी धुताना, पावसात थोडं पाणी आत गेलंच तर ते सिलिकोनमध्ये विरघळत नाही. ते थेंबाथेंबाने सर्वांत खालच्या जागी जाऊन बसतं, आणि ती जागा म्हणजे कॅलिपर किंवा व्हील सिलिंडर. तिथे ते एकाच ठिकाणी गंज धरतं, आणि कॅलिपर तापला की १०० अंशांच्या आसपासच वाफ होतं. म्हणून ‘कधी बदलावं लागत नाही’ हे मला मान्य नाही. सिलिकोनही तीन-चार वर्षांनी कॅलिपरच्या निपलमधून (ऑइल आणि हवा काढायच्या तोंडातून) थोडं काढून पाहावं.

दुसरा दोष पेडलचा. सिलिकोनमध्ये हवा जास्त विरघळते आणि ते ग्लायकॉलपेक्षा किंचित जास्त दाबलं जातं. डबा हलवला, जोरात ओतलं किंवा पेडल भराभर मारलं की बारीक बुडबुडे धरतात आणि लवकर सोडत नाहीत. पेडल स्पंजी लागतं. हळू ओतून, हळू ब्लीड करून (म्हणजे निपलमधून ऑइलबरोबर हवा काढून), काही दिवसांनी पुन्हा हवा काढून बरंच ठीक होतं, तरी चांगल्या डॉट ४चा टणकपणा क्वचितच येतो. तिसरं, अनेक जुन्या गाड्यांत मागचा ब्रेकचा दिवा ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या स्विचवर लागतो. सिलिकोन घातल्यावर हे स्विच लवकर जातात असा अनुभव बऱ्याच जणांचा आहे, आणि माझाही. दिवा लागत नाही हे चालवणाऱ्याला कळत नाही, मागच्याला कळतं. सिलिकोन घातलंत तर पेडलवर दांडीने चालणारा स्विच बसवून घ्या.

आणि सर्वांत मोठी अट: सिलिकोन आणि ग्लायकॉल एकमेकांत मिसळत नाहीत. उरलेलं ग्लायकॉल, त्यातल्या पाण्यासह, सिलिकोनमध्ये वेगळं राहतं आणि जागोजाग चिखलासारखा गाळ बनतो. शिवाय ग्लायकॉलमध्ये वर्षं काढलेले रबर कप थोडे फुगलेले असतात, सिलिकोनमध्ये ते आकसतात आणि गळू लागतात. म्हणजे चालत्या गाडीत ऑइल काढून सिलिकोन भरणं बादच. नळ्या धुऊन वाळवलेल्या, होज नवीन, सील नवीन, सिलिंडर कोरडे, असं सगळं असेल तरच. तुमची गाडी त्या अवस्थेत आहे, म्हणून दार उघडं आहे. वर्षातून एक-दोनदाच बाहेर निघणारी, प्रदर्शनात उभी राहणारी गाडी असती, तर मी सिलिकोनला हो म्हटलं असतं. तुम्ही दर महिन्याला चालवता, पुढे डिस्क आहेत. मी डॉट ४च घालीन. पुढे कधी रस्त्यात ऑइल घालायची वेळ आली तर डॉट ४ कुठेही मिळतं, सिलिकोन मिळत नाही.

गाडीत आधी काय होतं हे माहीत नसेल, तर रंगावर जाऊ नका, जुनं ऑइल कोणतंही असो, काळपटच दिसतं. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, टाकीतले काही थेंब टाका आणि ढवळा. विरघळलं तर ग्लायकॉल. वेगळं होऊन वर तरंगलं तर सिलिकोन किंवा खनिज तेल, आणि मग थांबून नीट शोध घ्यायला हवा.

भरताना नवीन डबा आदल्या दिवशी उघडू नका, काम सुरू करतानाच उघडा. ब्लीड करून निघालेलं ऑइल कितीही स्वच्छ दिसलं तरी परत टाकीत ओतू नका. चाकांचा क्रम पुस्तिकेत असेल तो, नसेल तर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. तुमच्याकडे सिलिंडर नव्याने उघडलेले आहेत म्हणून तुम्हाला लागू नाही, पण न उघडलेल्या जुन्या गाडीचं ऑइल बदलणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पेडल तळापर्यंत दाबून ब्लीड करू नका. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन अर्ध्या बोअरमध्येच फिरतो, पुढचा भाग वर्षानुवर्षं न घासलेला, गंजाने खरबरीत असतो. पेडल पूर्ण दाबलं की कप त्या खरबरीत भागावर जातो आणि कड कापली जाते. काल धडपणे चालणारा मास्टर सिलिंडर ऑइल बदलल्यावर गळू लागतो, आणि लोक नवीन ऑइलला दोष देतात. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे ते अर्ध्यावरच थांबेल.

ब्लीड करूनही पेडल लांब जात असेल तर लगेच ऑइलवर संशय नको. आधी मागच्या ड्रमचे शू ॲडजस्ट करा, निम्म्या वेळा दोष तिथेच निघतो. एकच चाक धरून राहत असेल तर त्या चाकाचा होज बघा. जुना होज बाहेरून ठीक दिसतो, पण आतून सुजून जवळजवळ बंद झालेला असतो. पायाच्या जोराने ऑइल चाकाकडे जातं, परत मात्र येत नाही. होज किती जुने आहेत हे माहीत नसेल, तर या कामातच ते बदलून टाका.

बदलायची तारीख टाकीजवळ चिठ्ठी चिकटवून लिहा, आणि ऑइलचा प्रकारही, म्हणजे पुढे ज्याच्या हातात गाडी जाईल त्याला पेल्यातली परीक्षा करावी लागणार नाही. ओल मोजणारे पेन्सिलसारखे टेस्टर मिळतात. ते ऑइलची विद्युतवाहकता मोजतात आणि वेगवेगळ्या ऑइलवर वेगवेगळं उत्तर देतात, त्यांच्या हिरव्या दिव्यावर विसंबून बदल पुढे ढकलू नका. नमुना खरोखर उकळून बघणारं यंत्र एखाद्या वर्कशॉपमध्ये असेल तर त्याचा आकडा धरा. १८० अंशांच्या खाली आलं असेल तर दोन वर्षं झाली नसली तरी बदला. उरलेला अर्धा डबा झाकण घट्ट लावून टाकीत वरचेवर थोडं घालण्यासाठी काही महिने ठेवता येईल. पुढच्या पूर्ण बदलाला नवीनच डबा आणा.